मूसला धडकलेल्या गाडीतले दोन डबे

कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरच्या पोर्ट अल्मा बंदरात एफी मॅकेकर्नने अडतीस वर्षं मासेमारीच्या बोटींची इंजिनं दुरुस्त केली. सुरुवातीला बोटवाले तिला बघून म्हणायचे, "नवऱ्याला पाठव." ती सरळ इंजिनात डोकं घालायची. पुढे नवराच सांगायला लागला, "मला विचारू नका बाबांनो, मला साधा बल्ब बदलता येत नाही."

नवरा गेला, एफी निवृत्त झाली आणि तिने एक जुनी विजेची गाडी घेतली. तिच्यातून गावातल्या म्हाताऱ्यांना शहरात न्यायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं. कुणाचे डोळे, कुणाचे दात, आणि दर मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी म्हाताऱ्या फ्लोराचं डायलिसिस. एका शनिवारी फ्लोराला घरी सोडून परतताना, बॅटरी अर्धी भरलेली दाखवत असतानाच गाडी चढावर बंद पडली. शोरूममधल्या पोरसवदा माणसाने संगणक लावला आणि मान हलवली. "बॅटरी गेली, मॅडम. नवी टाकण्यात अर्थ नाही. भंगारात द्या."

भंगार म्हटल्यावर एफीला लॉकी गिलिस आठवला आणि तिचं तोंड वाकडं झालं. लॉकीचं भंगारचं आवार गावाबाहेरच होतं. पण गावच्या हॉलमध्ये पत्ते खेळताना तिने त्याला चोर म्हटलं, तेव्हापासून सात वर्षं दोघं बोलत नव्हती. तरी सोमवारी सकाळी ती गेली. त्याच्याकडे तिच्याच बनावटीची गाडी पडलेली होती. मूसला, म्हणजे तिकडच्या घोड्याएवढ्या हरणाला, धडकून त्या गाडीच्या नाकाचा चेंदामेंदा झाला होता, पण सीटखालची बॅटरी शाबूत होती.

"हवी ती घेऊन जा," लॉकी म्हणाला. "फक्त एवढं म्हण, की मी पत्ता लपवला नव्हता."

"लपवला होतास."

"मग जा पायी."

एफी वळली आणि खरंच चालायला लागली. फाटकापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला. "अगं थांब! बाहीत होता. गुलाम होता. झालं समाधान?"

"सात वर्षं लागली रे तुला!"

"तू विचारायला आली होतीस कधी?"

दोघंही हसत सुटली. मग लॉकीने चहा टाकला.

ट्रॅक्टरने एफीची गाडी ओढून आणली आणि त्याच्या शेडमध्ये काम सुरू झालं. एफीने आधी दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्यांचे सुरक्षा प्लग उपटले, लॉकीला रबरी हातमोजे चढवायला लावले आणि आत उरलेली वीज उतरेपर्यंत पंधरा मिनिटं हात बांधून बसायला सांगितलं.

"एका बॅटरीला इतका मान?"

"ती एक बॅटरी तुला जागच्या जागी भाजून काढेल. बस खाली."

जॅक लावून दोघांनी पलंगाएवढ्या बॅटऱ्या खाली उतरवल्या. प्रत्येकीच्या आत पत्र्याचे अठ्ठेचाळीस चपटे डबे. एफीने एकेकाला मीटर लावला, लॉकीने खडूने आकडे लिहिले. तिच्या बॅटरीतले सेहेचाळीस डबे ठणठणीत निघाले, दोनच मेले होते. तेवढ्यांनी सगळ्यांना खाली ओढलं होतं. मग मूसवाल्या गाडीतून, आकडे जुळतील असे दोन डबे शोधण्यात मंगळवारची सकाळ गेली. फ्लोराला त्या दिवशी लॉकीच्या भाचीने शहरात नेलं.

बुधवारी दुपारी सगळं जागच्या जागी बसवून एफीने बटण दाबलं. गाडी ढिम्म. तिने पुन्हा दाबलं. काही नाही. तिचा चेहरा उतरला. सगळे बोल्ट पुन्हा तपासायला ती खाली शिरणार, तोच लॉकी पुढचं झाकण उघडून म्हणाला, "आणि ही छोटी बॅटरी? ट्रॅक्टरला असते तशी?"

एफीने मीटर लावला. दिवे, कुलपं आणि सुरू करायचं बटण चालवणारी ती साधी बॅटरी पार उतरली होती.

"मोठी बघता बघता छोटी विसरले," ती पुटपुटली.

"कबूल केलंस! तेसुद्धा तीन सेकंदांत!"

ट्रॅक्टरवरून तारा जोडल्या आणि गाडी जागी झाली. एफीने लॉकीला बाजूला बसवून डोंगराचा रस्ता धरला. चढावर तो दाराची मूठ घट्ट धरून बसला होता. माथ्यावर आल्यावर खाली डोंगरापलीकडचा सगळा तलाव उन्हात चकाकत होता.

"आता उतरताना बॅटरी आपोआप थोडी भरते," एफी म्हणाली.

"फुकट?"

"फुकट."

"मग खाली जाऊन परत वर येऊ," लॉकी म्हणाला.