फाटकावरचा साबण

सकाळी चहा घेऊन गेले, तर माझ्या थोरल्या जाऊबाई, कमलबाई, कुशीवर निजलेल्या. हाक मारली... ओ नाही. डॉक्टर आले, तपासून म्हणाले, झोपेतच हृदय थांबलेलं दिसतं. मी आधी काय विचारावं? "इन्फेक्शन तर नव्हतं ना?" तसं काही दिसत नाही म्हणाले, आणि खरं सांगते, रडू फुटायच्या आधी मला हायसं वाटलं. आज महिना होत आला, ते हायसं वाटणं तसंच आहे. लाजबिज काही वाटत नाही मला त्याची.

बाईंना मरणाची भीती नव्हतीच मुळी. भीती होती काचेआडच्या खोलीची. वाशिमला डायलिसिसला जायला लागल्या, तेव्हा शेजारच्या खाटेवरचा एक माणूस साध्या जखमेचं निमित्त होऊन तशा खोलीत गेला. घरच्यांनी त्याला शेवटचं काचेतूनच पाहिलं. परतताना एसटीत बाई म्हणाल्या, "शोभा, मले मानसांत मरू दे वं. बाकी काही मांगत नाही."

आणि नेमकी माणसांचीच मनाई! डॉक्टरांनी समजावलं होतं, मूत्रपिंड गेलं की रोगाशी लढायची अंगातली ताकदही ढिली पडते. शेतात राखणदार आहे, पण डुलक्या घेतो, तसं. लस घ्यायची तर जास्त मात्रेची, तरी ती अंगी लागेल याची खात्री नाही. ताप नाही म्हणून निश्चिंत राहायचं नाही. एकदा तसंच झालं. कपाळ थंडगार, पण बाई म्हणाल्या, "गळून गेल्यावानी वाटून राह्यलं, चाल दवाखान्यात." म्हणून इन्फेक्शन वेळेत सापडलं, निभावलं.

आता आमची भाजीची वाडी अनसिंगच्या रस्त्याला. मेथी न्यायला येणारी बाईसुद्धा घटकाभर टेकून, सगळं गाव सांगून जायची. माणसं तोडायची कशी? बाईंनीच तोड काढली. कांद्याच्या लाल जाळीत साबण घालून फाटकाला बांधला, खाली पाण्याची बादली. हात धुवा मग आत या, खाटेपासून हातभर लांब बसा, खोकला असेल तर पार लांबच्या बाकड्यावर.

पण आमच्याकडे दारात बादली दिसते ती मातीवरून, म्हणजे मयताला जाऊन आलेल्यांसाठी! किन्हीराजा गावच्या आमच्या आतेसासूबाई बाईंना पाहायला आल्या, बादली पाहिली, हात धुणाऱ्या दोघीतिघी पाहिल्या, आणि फाटकातच गळा काढला, "कमळे, कशी गेली वं मले सोडून!" बाई लिंबाखाली खाटेवर मेथी निवडत बसलेल्या. तिथूनच ओरडल्या, "आत्या, आधी हात धुवा, मंग रडा!"

हसून हसून पोटात दुखलं आमच्या. पुढे कित्येक दिवस वाडीत कोणी आलं की हेच वाक्य.

त्या सकाळी बातमी पसरली तशी माणसं लोटली. आता साबणाची काही गरज होती का? पण प्रत्येक जण फाटकाशी थांबला. हात धुतले, पदराला, धोतराला पुसले, मगच आत आला. बाईंच्या गालावरून हात फिरवला, पाय चेपल्यासारखे धरले. इतकी वर्षं सगळे हातभर लांब बसायचे... त्या दिवशी कोणीच लांब बसलं नाही. आत्या तर कोपरापर्यंत फेस करून हात घासत होत्या. मी म्हटलं, "आत्या, आता कायले? तिले आता काय होनार हाय?"

"चूप बस वं. मी तशीच आत गेली त उठून बोंबलन ते."

मी रडता रडता हसले. मिळालं बाईंना हवं ते, अगदी पोटभर मिळालं.

परवा साबण झिजून संपला. आमचे हे म्हणाले, "आता राहू दे." मी नवा आणून त्याच जाळीत बांधला. सकाळी मेथी उपटून येते, फाटकाशी हात धुते, आणि मगच बाईंच्या खाटेवर टेकते.