उलकान एजेंनी तापवलेला वर्ग

उलकान एजे, म्हणजे उलकानताई, नारिनच्या डोंगरातल्या आमच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवत होत्या. मी साहित्याची पदवी घेऊन बिश्केकहून आले, तेव्हा त्यांनी मला पहिला धडा दिला तो वर्ग तापवायच्या भट्टीचा.

"कोळशावर निळी ज्वाळा दिसते तोवर धुराड्याची झडप लावायची नाही. विषारी धूर कोंडतो. कळलं का, कवितावाले?"

"कळलं, एजे."

"मग पुस्तक ठेव आणि राख काढ."

त्या हिवाळ्यात पाच मुलं आईबापांपाठोपाठ रशियाला गेली. अठरा उरली. प्रत्येक जण घरून रोज एक गोवरी आणायचा, तरी शाई गोठायची. नोव्हेंबरात मी सामान बांधलं. एजे दारात आल्या, हातात गरम बोर्सोकांची, तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, थाळी.

"जा खुशाल. पण खाऊन जा. पहिली दहा वर्षं मी पट्टीनंच शिकवलं, माहितेय? एका पोरीला मारलं. ती परत आलीच नाही. शिकवायला मी त्यानंतर शिकले."

"आणि हातपाय गळाले की?"

"एक गोष्ट शोधते. आज दामिराला भागाकार जमला. शुक्रवारपर्यंत पुरेल मला."

मी सामानाच्या गाठी सोडल्या.

जानेवारीत निरोप आला. सोमवारी तपासनीस येणार. वर्गात पारा पंधरा अंशांच्या खाली दिसला, तर शाळा बंद. खालच्या गावची शाळा अकरा किलोमीटरवर. बर्फातून एकही मूल तिथं जाणार नव्हतं.

"मी रविवारीच भट्टी पेटवते," एजे म्हणाल्या. "भिंती तापायला वेळ लागतो."

"मीही येते."

"तू गोवऱ्या गोळा कर. इथं बसून कविता करशील."

सोमवारी सकाळी मी गोवऱ्यांचं पोतं घेऊन गेले. खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. एजे पहिल्या बाकावर डोकं टेकून बसल्या होत्या. झडप बंद होती. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी ती लवकर लावली असणार. मी दार सताड उघडलं. त्यांचा हात धरला. गार होता.

मुलं अंगणात बर्फात उभी राहिली. मोठी माणसं आली, एजेंना घरी घेऊन गेली. मग तपासनीस आला. त्यानं टोपी काढली. भिंतीवरच्या पाऱ्याकडे पाहिलं. दार उघडं असूनही सोळा.

"शाळा चालू राहील," तो हळूच म्हणाला. "शिकवायला कोण आहे?"

"मी."

मी भिंतीला हात लावला. अजून गरम होती.