आमची फुकटची शाळा

इंटरनेटवर फुकटचे धडे शोधायला बसलं की धडा सापडो न सापडो, किस्सा हमखास सापडतो. आम्ही सरस्वतीपुरमच्या तिघीजणी मुलांना घरीच शिकवतो. मी, माझी शेजारीण केतकी आणि तुळसक्का. मी आणि केतकी नवऱ्यांच्या नोकऱ्यांपायी पुण्याहून म्हैसूरला आलेल्या. तुळसक्कांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, शिंपीकाम करणारं. दर गुरुवारी त्यांच्या दुकानावरच्या गच्चीत, पत्र्याखाली आमचा वर्ग भरतो.

सगळ्याची सुरुवात केतकीच्या सईपासून झाली. शाळेचा गणवेश दिसला की ही पोर उलट्या करायची. डॉक्टर झाले, समजावणं झालं, शेवटी केतकीने तिला घरी ठेवलं. नवरा म्हणाला, "एक वर्ष बघू. मग आप्पा म्हणतील तसं." आप्पा म्हणजे केतकीचे सासरे, साताऱ्याकडचे निवृत्त हेडमास्तर. मे महिन्यात ते येणार, नातीची परीक्षा घेणार आणि जूनपासून शाळा की घर ते सांगणार. त्यामुळे कितीही झकास काही सापडलं, तरी केतकीचं एकच पालुपद: "पण हे आप्पांना पटेल का गं?"

*

फुकट या शब्दावर माझा फार राग आहे. बाहेर ठळक अक्षरात फुकट लिहायचं आणि आत गेलं की फोन नंबर मागायचा. एकदा मी अशी चिडले की सरळ तुळसक्कांचा नंबर टाकून दिला. दुसऱ्याच दिवशी त्यांना कोर्स विकणाऱ्या एका पोराचा फोन आला. तुळसक्कांनी कापड कापता कापता स्पीकर लावला.

"मॅडम, मुलगी कोणत्या शाळेत आहे?"

"शाळेत न्हाई. घरीच."

"मग शिकवतं कोण?"

"तूच शिकीव की. फुकट म्हणून सुम्ने लिवलंय काय? थांब, नातीला देतो. भागाकारात अडलीय ती."

सुम्ने म्हणजे उगाच. बिचारा तो पोरगा गणितातला पदवीधर निघाला. त्याने खरोखर त्यांच्या नातीला, पद्माला, फोनवर भागाकार समजावला, दोन उदाहरणं घातली आणि तपासूनही दिली. कोर्स विकायचं बहुतेक विसरलाच तो.

*

आमच्यात एक रीत आहे. बाळाला औषध देण्याआधी आई जिभेला लावून बघते ना, तसं कुठलाही धडा मुलांना दाखवण्याआधी आईने शेवटपर्यंत बघायचा. याला आम्ही चाखणं म्हणतो. अर्धवट चाखलेला धडा गच्चीवर आणायचा नाही.

एकदा मी आणि केतकी ज्वालामुखी चाखायला बसलो. एक व्हिडिओ संपला की त्याच्याखाली दुसरा, त्याहून भारी. सई दोनदा येऊन "भूक लागली" म्हणून गेली. मी तिच्यावरच डाफरले, "थांब गं, आता उसळायच्या बेतात आहे." तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. कुकरमधलं पाणी पार आटलं होतं आणि आमटी बुडाला लागली होती. त्या दिवशी मुलांनी ताकभात खाल्ला आणि ज्वालामुखी आम्हा दोघींना तोंडपाठ झाला.

*

मुलांना बैलकुप्प्याच्या तिबेटी वसाहतीत घेऊन गेलो तेव्हाची गोष्ट. तिथल्या मठाच्या अंगणात तिबेटी भिक्षू वाद घालत होते. एक जण खाली बसलेला, दुसरा उभा. उभा असतो तो प्रश्न टाकतो आणि टाकताना पाय आपटून जोरात टाळी वाजवतो. बसलेल्याने उत्तर द्यायचं. सई तिथून हलेना.

घरी आल्यावर तिने आम्हाला जेरीस आणलं. आईला खुर्चीत बसवून विचारायची, "मी लवकर का झोपायचं?" आणि टाळी. "सकाळी उठवत नाही म्हणून," म्हटलं की, "सकाळी मला कुठे जायचंय?" पुन्हा टाळी. केतकी रडकुंडीला आली. मला मात्र मनापासून आनंद झाला. वर्षापूर्वी ही पोर मान वर करून बोलत नव्हती हो.

*

मे महिन्यात आप्पा आले. येताना नातीसाठी कोरं करकरीत निळं दप्तर घेऊन आले. त्यांचा निकाल काय लागणार ते दारातच कळलं. केतकीचं तोंड एवढंसं झालं.

परीक्षेला मीही हजर होते. आप्पा खुर्चीत बसले. सई त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आप्पा, तुम्ही बसलाय आणि मी उभी आहे. म्हणजे विचारणार मी." ते काही बोलायच्या आत तिने पाय आपटला.

"अपूर्णांकाने भागताना तो उलटा करून गुणायचा. का?" टाळी.

"तसा नियम आहे."

"नियम का आहे?" टाळी.

आयुष्यभर प्रश्न विचारलेला माणूस खुर्चीत पुढे सरकला. मग हळूच म्हणाला, "तुला माहीत आहे?"

सईने लॅपटॉप उघडला. कुठल्याशा परगावच्या बाईंनी कागदाच्या पट्ट्या फाडून दाखवलेला साधासा धडा होता. आप्पा उठायला लागले तशी ती म्हणाली, "शेवटपर्यंत बघायचं. आमच्यात रीत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीचा फोन आला. "अगं, आप्पांनी आजचा पेपर वाचायच्या आधीच फाडला. पट्ट्या करतायत." ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. निकाल मात्र त्यांनी सांगितला नव्हता.

गुरुवारी मी केतकी आणि सईला वर्गाला न्यायला गेले. आप्पा धुतलेला सदरा घालून दारात उभे होते आणि हातात ते निळं दप्तर. सईचा चेहरा उतरला. केतकीने माझा दंड घट्ट धरला. आप्पांनी दप्तरात चष्म्याचं घर टाकलं, पाण्याची बाटली टाकली, पट्ट्यांची पुरचुंडी टाकली आणि दप्तर स्वतःच्या खांद्याला लावलं.

"चल सई," ते म्हणाले. "वर्गाला उशीर नको."

गच्चीवर जाऊन ते सरळ पुढच्या सतरंजीवर, लॅपटॉपसमोर बसले. तुळसक्का टेप गळ्यात घालूनच वर आल्या. त्यांनी एकवार सगळ्या मुलांवर नजर फिरवली.

"गुर्जी," त्या म्हणाल्या, "उंच पोरं मागं बसायची."

आप्पांनी दप्तर उचललं आणि मागे जाऊन बसले.