ड्रेन प्लगवरची पिवळी रेघ

डोंगरातल्या त्या कॅम्पवर माझी पोस्टिंग झाली तेव्हा मी हवालदार होतो, व्हेइकल मेकॅनिक. कॅम्पचं पाणी एका छोट्या ट्रॅक्टरवर चालायचं. वरच्या झऱ्यावर टँकर भरायचा आणि उतारावरून खाली आणायचा. एक फेरी सकाळी सातला, दुसरी दुपारी तीनला. ट्रॅक्टर चालवायचा शिपाई बिरू. सांगोल्याकडचा, घरी मेंढरं. ट्रॅक्टरशीही तो मेंढराशी बोलावं तसा बोलायचा आणि आम्ही त्याची टिंगल करायचो.

या ट्रॅक्टरचे ब्रेक ट्रान्समिशनच्या ऑइलमध्येच बुडालेले असतात. ऑइलमध्ये पाणी शिरलं की ते ताकासारखं पांढरट होतं आणि ब्रेक नीट धरत नाहीत. म्हणून तिथे आळस चालत नाही. इंजिन गरम करायचं, खालचा ड्रेन प्लग खोलायचा, जुनं ऑइल पूर्ण निथळू द्यायचं, फिल्टर बदलायचा, नवं ऑइल भरून डिपस्टिक बघायची. शेवटी आवळलेल्या प्लगवरून केसिंगपर्यंत रंगाची एक रेघ ओढायची, ही आमच्या वर्कशॉपची पद्धत. एका वेळी पिवळी, पुढच्या वेळी पांढरी.

नाईक मल्लू माझ्या हाताखालचा मेकॅनिक. अक्कलकोटचा. मी कुंभारीचा, म्हणजे तिकडे आम्ही गाववालेच. रजेवरून येताना त्याची आई माझ्यासाठी वेगळी शेंगाचटणी बांधून द्यायची. एका सकाळी ट्रॅक्टरचं ऑइल बदलायचं काम मी त्याला दिलं होतं, आणि त्याच दिवशी साडेदहाच्या कॉन्व्हॉयने तो रजेवर निघणार होता. दहाला लॉगबुक घेऊन आला.

"झालंय की, दादा. सही तेवढी करा."

मी वाकून रेघ बघायला हवी होती. गावाकडच्या माणसावर काय अविश्वास दाखवायचा, असं वाटलं. 'काम केले, तपासले' याखाली मी सही ठोकली.

तिसऱ्या दिवशी १५४० वाजता रेडिओ बोलला.

"वॉटर पार्टी टू कॅम्प. ट्रॅक्टर नाल्यात. ड्रायव्हर सीरियस. ओव्हर."

मेडिकल रूमला पोहोचण्याआधीच बिरू गेला. त्याच्यामागे टँकरवर बसलेल्या जवानाने सांगितलं, तो दोन्ही ब्रेकवर उभा होता, तरी ट्रॅक्टर थांबला नाही. मी उलटलेल्या ट्रॅक्टरजवळ जाऊन प्लग बघितला. रेघ पांढरी हवी होती. मागच्या वेळची पिवळीच होती, अखंड. प्लगला कुणी हातही लावला नव्हता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीसाठी मल्लूला रजेवरून बोलावलं. साक्षीच्या सकाळी तो मला स्टोअरमागे भेटला. कॉन्व्हॉय चुकेल म्हणून काम टाकलं, हे त्याने कबूल केलं. मग म्हणाला, "बिरू उतारावर न्यूट्रल टाकून गाडी सोडायचा, येवढंच सांगू. तुमीबी वाचताय, मीबी."

"आन बिरू?"

"त्यो आता कुटं हाय?"

मी आत जाऊन सगळं सांगितलं, न बघता सही केली हेही. नाल्यातून वर ओढून आणलेल्या ट्रॅक्टरचा प्लग साहेबांसमोर खोलायला लावला. पांढरट ऑइल डब्यात पडलं. त्यानंतर मल्लू सावधानमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "मला काम दिलंच नव्हतं, सर. सही हवालदारांची आहे." मी त्याच्याकडे बघत होतो. तो भिंतीकडे बघत होता.

मल्लू सुटला. माझं प्रमोशन थांबलं, ते बरोबरच होतं. पण ज्याच्या घरची चटणी खाल्ली त्याने केसाने गळा कापला, माझाही आणि बिरूचाही. त्याच्याशी मी पुन्हा बोललो नाही. एकदा सात रस्ता चौकात तो समोरून आला, तेव्हा मी रस्ता ओलांडला. राग अजून गेलेला नाही.

बिरूच्या धाकट्या भावाकडे आता छोटा ट्रॅक्टर आहे. रिटायर झाल्यापासून दरवर्षी मी तिकडे जातो आणि त्याचं ऑइल बदलतो. पहिल्या वर्षी बिरूच्या आईला माझ्या सहीचं आणि न बघितलेल्या रेघेचं सांगितलं. तिने त्या दिवशी मला पाणीही विचारलं नाही. ड्रायव्हरची चूक नव्हती, असं युनिटचं पत्र तेवढं तिने देव्हाऱ्यातून काढून माझ्यासमोर धरलं.

यंदाही रेघ ओढून मी बाजूला झालो. म्हातारी काठी टेकत आली, चाकाला धरून खाली बसली आणि प्लगकडे बराच वेळ बघत राहिली.

"पांढरी हाय," ती म्हणाली. "बिरूच्या टायमाला बी कुनी आसं वाकून बगाय पायजे हुतं."

मी हात पुसत होतो. व्हय म्हणालो.