कळलावीचा डावा हात

"डोळ्यानं खुड, हातानं न्हाई!" हे वाक्य कानावर पडायच्या आधी फटका मनगटावर पडलेला असायचा. माणसं साधारण आधी बोलतात, मग हात उगारतात. तिचं उलटं होतं. आणि मारायची ती नेहमी डाव्या हाताने, नेहमी समोरच्याच्या हातावर. गालावर, पाठीवर तिने कुणाला मारलेलं मी पाहिलं नाही. तिचा उजवा हात मनगटापासून पुढे आक्रसलेला होता, कातडी सुरकुतून बोटं आत वळलेली. उकळतं तेल सांडलं होतं, असं गावातले लोक सांगत.

तिला तोंडावर सगळे 'मावशी' म्हणत आणि पाठ फिरली की 'कळलावी'. गावात कुठेही दोघं भांडत असले की तिसरी ही असायचीच. आपण नारदाला कळलाव्या म्हणतो. पण नारद बिचारा कळ लावून निघून जातो. ही शेवटपर्यंत थांबायची, आणि भांडण विझायला लागलं तर फुंकर घालायची. रविवारी चर्चमध्ये उपासनेला जाताना शिव्या तेवढ्या घरी ठेवायची. परत आली की उंबऱ्यातच उचलायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी पहिली नेमणूक झाली ती तिसगावच्या अलीकडे, गर्भगिरीच्या डोंगराला टेकलेल्या एका गावातल्या शाळेवर. मी नगर शहरात वाढलेली. वड, पिंपळ, लिंब आणि 'इतर' एवढीच झाडं मला माहीत होती. श्रावणातल्या एका सकाळी शाळेकडे जाताना कुंपणावर एक फूल दिसलं. पाकळ्या बुडाशी पिवळ्या, वर लालभडक, आणि सगळ्या वरच्या दिशेने वळलेल्या, चूल पेटल्यासारख्या. मी ते तोडलं आणि वेणीत खोवायला हात वर नेला.

मनगटावर असा फटका बसला की बांगडी फुटून काच आत गेली. फूल खाली पडलं. एका वाळक्या म्हातारीने ते टाचेखाली चिरडलं आणि माझ्याकडे पाहिलं. "मरायचं हाय का? डोस्क्यात घालायचं फूल हाय व्हय ते?" पाठीमागे माझ्या वर्गातली पोरं उभी. बाईंना मार बसलेला पाहण्याचा योग पोरांच्या नशिबात वारंवार येत नाही. ती अगदी मन लावून पाहत होती.

आता बाई तक्रार करणार, पंचायत बसणार, म्हणून गाव तयारीत होतं. मला रागही आला होता, पण रागापेक्षा उत्सुकता मोठी निघाली. दुसऱ्या दिवशी मनगटाला चिंधी बांधून मी तिच्या खोपटापुढे उभी राहिले आणि म्हणाले, "मावशी, मला झाडं शिकवा."

"मी मारीन," ती म्हणाली.

"मारा."

"मंग या रविवारी. दुपारच्याला."

तिचा एक कायदा होता. गावात मी 'बाई' आणि 'तुमी'. शेवटचं घर मागे पडून चढण लागली की 'तू', आणि चुकलं की 'भवाने'. उतरताना त्याच घरापाशी पुन्हा 'बाई, दमल्या का?' हा बदल ती इतक्या सहज करायची की पहिल्या दिवशी मला वाटलं, दोन बायका बरोबर आल्यात.

पहिला धडा घोळीचा. घोळ भाजीची, तिच्याच शेजारी तशीच जमिनीला चिकटून वाढणारी दुधी मात्र भाजीची नाही. मी ऐटीत दुधी खुडली. फटका. "मोड! चीक आला का? घोळीला चीक आस्तो का भवाने?" पुढच्या वेळी मी आधी मोडून पाहिलं, चीक आला, तरी फटका बसला, कारण मी ती बोटं डोळ्याकडे नेली होती. शेराच्या झाडाच्या चिकाने एका गुराख्याचा डोळा कसा गेला, हे तिने तिथे बसून इतकं रंगवून सांगितलं की मला रात्रीचं जेवण गेलं नाही. डोळा फुटल्याचा आवाजसुद्धा काढून दाखवला.

दिवाळीनंतर खाजकुयरीच्या शेंगा धरल्या. मखमली लव, सोनेरी, हात फिरवावासा वाटेल अशी. "हे काय, सांग?" मला माहीत नव्हतं. "लाव एक बोट," ती म्हणाली. मी लावलं आणि पुढचा अर्धा तास डोंगरावर नाचले. ती दगडावर बसून पोट धरून हसत होती. नंतर माझा हात धरून शेणाने चोळला, जोरात, कातडी निघेल इतका. "आता जन्मात इसरायची न्हाईस," म्हणाली. खरंच विसरले नाही. अशा पद्धतीने शिकवायला मला परवानगी असती तर माझ्या वर्गाचा निकाल फार चांगला लागला असता.

पण त्या पहिल्या फुलाबद्दल विचारलं की ती पुढे चालू लागायची. नाव सांगायची नाही. पावसाळ्यात मात्र खांद्यावर पहार टाकून ती सगळं शिवार पालथं घालायची आणि दिसेल तिथे त्या वेलाचा कंद उकरून काढायची. लोकांच्या बांधावर, न विचारता. एका शेतकऱ्याने अंगावर ट्रॅक्टर घालीन म्हणून दम दिला. तिने दगड घेऊन त्याच्या ट्रॅक्टरचे दोन्ही दिवे फोडले आणि पुन्हा उकरायला बसली. मी शेजारी उभी राहून वेल पाहून घेतला. प्रत्येक पानाचं टोक लांबून शेपटीसारखं वळलेलं, आणि त्या शेपटीने तो कुंपणाला धरून चढलेला. असं पान दुसऱ्या कशाचं मी पाहिलं नव्हतं. नाव मला शेवटी माझ्या वर्गातल्या पोरांनी सांगितलं, इकडेतिकडे बघत, हळू आवाजात. कळलावी. म्हणजे मावशीला ज्या नावाने बोलत, तेच. गाव गंमत म्हणून म्हणत होतं, आणि तिला ते नाव कळत नव्हतं असं थोडंच होतं?

कंदाची ओळख तिसगावच्या बाजारात झाली. झाडपाला विकणारा एक माणूस फडकं अंथरून बसला होता. मावशीने मुळ्यांचा एक ढीग पाहिला, वाकली, आणि फडक्याचं टोक धरून सगळा माल उलथा केला. "शतावरी म्हनून इकतो व्हय रं हे?" त्याने तराजूतलं वजन उचलून तिच्या कपाळावर हाणलं. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. तिने एक मूळ उचलून त्याच्या बोटांवर सपासप मारायला सुरुवात केली. माणसं सोडवायला धावली. चार जणांनी तिला धरलेलं असताना, एका डोळ्याने काही दिसत नसताना, ती माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, ह्ये बघून घ्या. शतावरीच्या मुळ्या सरळ आस्त्यात, झुपक्यानं येत्यात. ह्यो वाकडा, नांगरावानी. दोन टोकं. बघितलं का?" मी म्हणाले, "बघितलं." मग ती उरलेली शिवी पुरी करायला वळली. तो माणूस पुढच्या बाजाराला पुन्हा त्याच जागी बसलेला होता.

मी ज्या घरात भाड्याने राहत होते त्या घरची सून शोभा. पहिलटकरीण, एकोणीस-वीस वर्षांची, हसरी पोरगी. सासूला सगळे आक्का म्हणत. दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी शोभाला कळा सुरू झाल्या आणि मग थांबल्या. दुपार कलली तरी सुटका होईना. तिचा नवरा टेम्पो घेऊन सुप्याच्या कारखान्यात माल पोचवायला गेलेला. घरात आक्का आणि शोभाचा दीर. शोभाचं ओरडणंही आता मंद झालं होतं, आणि ते मला जास्त भीतीचं वाटलं.

मी आत डोकावले. आक्का सहाणेवर काहीतरी उगाळत होती. पांढरट गंध वाटीत जमा झालेलं. "काय आहे आक्का?"

"बाजारातनं आनलंय. पाजलं की पोट मोकळं हुतंय."

सहाणेशेजारी उगाळून उरलेला तुकडा पडला होता. वाकडा. त्याचं एक टोक झिजलं होतं, दुसरं तसंच होतं. "आक्का, हे विष आहे," मी म्हणाले. आक्का माझ्याकडे न बघता वाटी घेऊन उठली. नगरच्या मास्तरणीने तिला बाळंतपण शिकवावं, हे तिला कसं रुचणार? तिने शोभाची मान उचलली, वाटी ओठांशी नेली, आणि मी तिच्या मनगटावर फटका मारला. मी कुणावर हात उचलण्याची ती पहिली वेळ. वाटी भिंतीवर आदळली.

दिराने माझी वेणी धरली आणि मला ओढत बाहेर नेलं. माझं कपाळ चौकटीवर आपटलं. अंगणात पडले तेव्हा आतून पुन्हा उगाळण्याचा आवाज यायला लागला होता. तो आवाज ऐकून मी जी किंकाळी फोडली ती "मावशी" अशी होती.

ती पहार घेऊन आली, कारण ते तिचे कंद उकरण्याचे दिवस होते. दारात दीर आडवा झाला. तिने काही न विचारता त्याच्या नडगीवर पहार हाणली. तो कोसळला. त्या घराच्या उंबऱ्याच्या आत तिला कुणी कधी बोलावलं नव्हतं. ती आत गेली आणि सहाणेवर पहार घातली. दगडाची दोन शकलं झाली.

"कळलावी आली घरात!" आक्का ओरडली. "माझी सून मारायला आली!"

"व्हय, कळलावीच," मावशी म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिचा न चढलेला आवाज मी तेव्हा प्रथम ऐकला. "आक्का, कळ लावी. लावी म्हनत्यात तिला, पाजी न्हाई. नावातच सांगितलंय. तळहाताला लावायची, तळपायाला लावायची, आन् कळ आली की धुवून टाकायची. मलाबी आसंच सांगितलं हुतं, ह्या गावाला यायच्या आधी. माझी पोरगी आडली हुती, हिच्यावानी. मला वाटलं, नुसतं लावल्यानं येवढी कळ येती, तर पाजल्यावर पोरगी चटशिरी सुटंल. म्हनून पाजली."

तिने आक्रसलेला उजवा हात आक्काच्या तोंडापुढे धरला.

"ह्या हातानं. सुटली. पोरगीबी सुटली आन् पोटातलंबी. दोघास्नी येकाच खड्ड्यात ठिवलं. मंग घरी यिऊन ह्यो हात मी चुलीत घातला. लोकांनी वढून काडला, न्हाईतर पार जाळनार हुते."

आक्काने हातातला तुकडा खाली टाकला. शोभा डोळे उघडून ऐकत होती. "आता लावूबी नका," मावशी म्हणाली. "गाडी आना."

शेजारचा सायकलवरून तिसगावला सुटला. एसटीडी बूथवरून जीप ठरवली. जीप येईपर्यंत मावशी पहार मांडीवर घेऊन शोभाच्या उशाशी बसली आणि कुणालाही जवळ येऊ दिलं नाही, आक्कालासुद्धा. जीपमध्ये मात्र तिने आक्कालाच हात धरून चढवलं. पाथर्डीच्या दवाखान्यात दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. दोघीही वाचल्या.

जीप गेल्यावर अंगणात आम्ही दोघीच उरलो. तिने पदराच्या टोकाने माझ्या कपाळाचं रक्त टिपलं.

"कसं वळखलंस?" गावात, भर अंगणात, 'तू'.

"वाकडा होता. नांगरासारखा."

तिने डावा हात उचलला. मी सवयीने मनगट मागे घेतलं आणि डोळे मिटले. तो हात माझ्या डोक्यावर येऊन टेकला आणि बराच वेळ तिथेच राहिला. मी रडले. ती रडली का, ते मला माहीत नाही. मी डोळे उघडले नाहीत.

गावाने तिचे उपकार मानले असतील असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही गावात राहिलेला नाहीत. दीर महिनाभर लंगडत होता आणि भेटेल त्याला नडगी दाखवत होता. आक्काला नातीपेक्षा सहाणेचं दुःख पुष्कळ दिवस पुरलं. कळलावीने घरात घुसून मारामारी केली, असंच गाव सांगत राहिलं. तिची काही तक्रार नव्हती. पुढच्याच आठवड्यात ती कुणाच्या तरी बांधावर पहार घेऊन शिव्या देत उभी होती.

नंतर माझी बदली कर्जतला झाली. पाचेक वर्षांनी श्रावणात शोभाच्या आग्रहावरून मी गावी गेले. स्टँडवरच कळलं की मावशी दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. खोपट बसलं होतं. शोभा मला तिकडे घेऊन गेली, बरोबर तिची मुलगी. दुरून वाटलं की कुंपणाला आग लागलीय. जवळ गेलो तर सगळ्या कुंपणावर, पडलेल्या भिंतीवर, दाराच्या चौकटीवर तीच लाल-पिवळी फुलं. उकरणारं कुणी राहिलं नव्हतं. दोन पावसाळ्यांत वेलाने तिचं घर ताब्यात घेतलं होतं.

शोभा काहीतरी सांगत होती. मी ऐकत नव्हते. पोरगी पुढे गेली, टाचा उंच केल्या आणि फुलाकडे हात नेला.

फटका बसल्यावरच माझ्या लक्षात आलं की तो मी मारला. पोरीने भोकाड पसरलं. "डोळ्यानं खुड," मी ओरडले, "हातानं न्हाई!"

शोभाने पोरीला जवळ घेतलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "तुमी डावऱ्या न्हाई ना?"