ओबिओराच्या ताटातला चौथा कोला

दुबईतल्या अल क्वोजच्या गोदामात ओबिओरा एकोणीस वर्षं फोर्कलिफ्ट चालवतोय. नायजेरियाचा इग्बो माणूस, वय अठ्ठावन्न, हिंदी तुमच्या-माझ्यापेक्षा सफाईदार. शारजातल्या इग्बोंचं एकही शुभकार्य त्याच्याशिवाय सुरू होत नाही. गोदामात मात्र त्याला "ए ओबी" म्हणतात. हे बारसं मॅनेजर गुणवंतरावांनी केलं.

गुणवंतराव म्हणजे इथल्या मराठी संस्कृतीचे बिनपगारी रखवालदार. गेल्या वर्षी त्यांच्या लेकीची, ईशानीची सुपारी फुटायच्या आधी व्याह्यांकडच्या कुणा काकांनी ताटातली सुपारी सहज उचलून पाहिली, तर हे आठ दिवस फुगून बसले. "रीत म्हणजे रीत," हे बर दुबईतल्या प्रत्येक मराठी घराला ऐकवून झालं.

मार्चमध्ये ओबिओराची पुतणी न्किरू हिचं लग्न ठरायचं होतं. तिचा बाप वारलेला, त्याच्या जागी ओबिओरा. मुलाचा मामा लागोसहून आलेला आणि दुसऱ्या सकाळी त्याचं परतीचं विमान. त्या दुपारी बोलणी झाली नाहीत तर वर्ष गेलंच म्हणून समजा. शारजातल्या रोल्ला भागात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वीस माणसं दाटीवाटीने बसली होती. आपल्या घरी मॅनेजर येतो हे पाहुण्यांना दिसावं, म्हणून ओबिओराने गुणवंतरावांना बायको सुनेत्राबाईंसकट बोलावलं होतं. त्याच्या व्हिसाच्या भानगडीत मी एकदा ऑफिसात जाऊन तोंड वाजवलं होतं, म्हणून मलाही आमंत्रण.

इग्बोंची बोलणी कोलाने सुरू होतात. कोला म्हणजे सुपारीहून मोठं, कडू बी. यजमान ताट पुढे करतो, ते पाहुण्यांच्या हातून फिरतं. कुणी खायचं नाही, नुसतं बघायचं, आणि ताट जसंच्या तसं यजमानाकडे परत. मग वडीलधारा प्रार्थना म्हणतो, कोला फुटतो, आणि त्यानंतरच लग्नाचा विषय निघतो. बायकांनी कोला फोडायचा नाही म्हणे. त्यावरून माझं ओबिओराशी वाजलंय आणि मी अजून माघार घेतलेली नाही, पण ते जाऊ दे.

ताटात चार कोला होते. चार हा त्यांचा शुभ आकडा. ताट गुणवंतरावांपाशी आलं. त्यांनी एक उचलला, तोंडात टाकला आणि कडकन चावला.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"अहो, थुंका ते," सुनेत्राबाई पुटपुटल्या. गुणवंतरावांनी टिश्यूत थुंकलं. म्हणजे आणखीच शोभा.

मामाने मांडीवरची लाल टोपी डोक्यावर चढवली आणि काहीतरी बोलून उठायला लागला. न्किरूने माझं मनगट धरलं. "म्हणतात, तीन कोलांवर मुलगी मागत नाही," ती हिंदीत कुजबुजली.

"इट्स अ स्मॉल मिसकम्युनिकेशन," गुणवंतराव म्हणाले.

"साब, कोला को इंग्लिश नहीं आती," ओबिओरा शांतपणे म्हणाला. त्यांच्याकडची म्हणच आहे ती.

"तो क्या करना है?"

"माफी. खडे होके. हमारी बोली में. बोलो, बिको, ग्बाघारा म."

ज्या माणसाला अख्खं गोदाम दिवसातून चाळीसदा सॉरी सर म्हणतं, तो फोर्कलिफ्टवाल्यासमोर उभा राहून अक्षरं जुळवत होता. पहिल्यांदा चुकला. "फिर से," ओबिओरा म्हणाला. दुसऱ्यांदा चुकला, तेव्हा मागच्या बायकांत खुसखुस झाली. तिसऱ्यांदा जमलं. मामाच्या मिशा हलल्या आणि टोपी पुन्हा मांडीवर आली.

तरी ताटात कोला तीनच. तेव्हा ओबिओराने झग्याच्या खिशात हात घातला, एक अख्खा कोला काढला आणि ताटात ठेवला. प्रार्थना झाली, कोला फुटला, तासाभरात तारीख ठरली. न्किरूने माझं मनगट तेव्हा कुठे सोडलं.

निघताना जिन्यात मी ओबिओराला गाठलं. "चाचा, चौथा पहले से जेब में था?"

"मॅडम, उन्नीस साल उसके नीचे काम किया है. जो सामने आए वो उठाता है."

"फिर माफी काहे को मंगवाई?"

"कोला मेरे पास एक्स्ट्रा था. माफी नहीं थी."

पुढच्या रविवारी मराठी मंडळाच्या बैठकीत गुणवंतराव इग्बो संस्कृतीवर अर्धा तास बोलले. कोला फक्त बघायचा असतो, आपली माणसं लगेच तोंडात टाकतात, हे त्यांनी सगळ्यांना दोनदा बजावलं. सुनेत्राबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी पर्समधून टिश्यूचं पाकीट काढलं आणि नवऱ्यासमोर ठेवलं.