डोंगरगाडीच्या वळणावरचा बोल्ट

आज ज्याला रोलर कोस्टर म्हणतात तशी एक गाडी सत्तरच्या दशकात नागपुरात एका बागेत होती. लोक तिला डोंगरगाडी म्हणायचे. खाणीतून भंगारात निघालेले रूळ वाकवून मालकाने ती उभी केली होती. मी तिचा फिटर. रूळ आणि नटबोल्ट माझ्याकडे, गाडी थांबवायचा दांडा ब्रेकवाल्याकडे. ती रुळावरून कशी घसरली याचं एकच उत्तर लोकांना माहीत आहे : ब्रेकवाला प्यायलेला होता. ते खोटं आहे.

खंडेनवमीचा दिवस होता. हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून मी पाटावर मांडली होती. दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, हे बापाकडून शिकलेलं. गाडी मात्र चालू होती. दसऱ्यासाठी बाहेरगावचे लोक आले होते, बाग भरून वाहत होती.

दुपारी ब्रेकवाला शेडमध्ये आला.

"भाऊ, खालच्या वळणावर रूळ हलून राहिला. मोठा पाना दे."

"पूजेतला पाना आज काढत नाही. उद्या कसतो."

"उद्यापर्यंत थांब म्हणून रुळाले तू सांगतं का गा?"

"मालकाले सांग, गाडी बंद कर म्हणून."

"सांगतलं. ते म्हणते, फिटरले विचार."

त्याच्या बापाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. मी म्हणालो, "तुमच्या घरी हे नाही, म्हणून तुले समजत नाही." तो पाटाकडे बघत राहिला. पाना हातभर अंतरावर होता. मी मध्ये उभा राहिलो.

"हळू सोड," एवढंच मी म्हणालो.

शेडच्या दारातून मी ऐकत होतो. चढावरची खडखड, माथ्यावर क्षणभर शांतता, मग उतार. ब्रेक लागल्याचा कर्कश आवाज आला आणि मागचा डबा रुळावरून उतरला. ब्रेकवाल्याने आधीच दांडा ओढला होता म्हणून तो डबा कठड्याला टेकून थांबला. एका बाईचा हात मोडला. बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं.

सगळे डब्याकडे धावले. मी पाटावरचा पाना उचलला, वळणाखाली वाकलो आणि रुळाचा सैल बोल्ट कसला.

थोड्या वेळाने ब्रेकवाला मालकाला तिथे घेऊन आला. मालकाने बोल्ट हलवून पाहिला. "हा तर घट्ट आहे. किती पिऊन आलास?"

ब्रेकवाला बोल्टाकडे बघत होता. मग माझ्याकडे.

"कुंकू लागलं आहे त्याले," तो म्हणाला.

मालकाला काही कळलं नाही. मी पाना नेऊन परत पाटावर ठेवला.

गाडी पुन्हा चालली नाही. पुढे रूळ परत भंगारात गेले. ब्रेकवाल्याला कुणी यंत्रावर घेतलं नाही. बाजारात पोती उचलत त्याचं आयुष्य गेलं. परवा त्याच्या मुलाने मला विचारलं, "काका, बाबा त्या दिवशी खरंच प्यायले होते का?"

नव्हता. पूजेतला पाना मी काढला होता, पण गाडी घसरल्यावर. हे लिहिलेलं आज संध्याकाळी त्या मुलाच्या घरी जाऊन मी वाचून दाखवणार आहे.